कुर्तुबाचे शल्यविशारद अबुल कासिम झहरावी (रह.)

वाचकहो, अंदलुसमधील एका माणसाचा पाय मोडला. मोडल्या जागी उघडी जखमही होती. ज्या वैद्याला प्रथम बोलावले गेले, त्याने जखमेवरूनच फळ्या घट्ट आवळून बांधल्या. जखमेतील दूषित स्राव बाहेर पडावा म्हणून छिद्रही ठेवले नाही. बंध सोडू नका असे बजावून तो निघून गेला. काही दिवसांतच पोटरी आणि पाऊल सुजून आले, वेदना असह्य झाल्या आणि रुग्ण मरणाच्या दारात पोहोचला. तेव्हा दुसऱ्या एका वैद्यांना पाचारण करण्यात आले. त्यांनी येताच प्रथम बंध सोडवले. रुग्णाच्या वेदना शमल्या, त्याला थोडा आरामही वाटला. परंतु मांस कुजण्याची क्रिया इतकी पुढे गेली होती की ती आवरता आली नाही. ती पायातून वर चढत गेली आणि माणूस दगावला.

हे दुसरे वैद्य म्हणजे अबुल कासिम खलफ बिन अब्बास झहरावी (रह.). युरोपातील लोक त्यांना अल्बुकासिस या बिघडलेल्या नावाने ओळखतात. आपल्या शस्त्रक्रियाविषयक ग्रंथाच्या प्रस्तावनेतच त्यांनी हा मृत्यू नोंदवून ठेवला आहे. सोबत आणखी काही मृत्यूंचीही नोंद आहे. एका वैद्याने एका स्त्रीच्या मानेवरील गाठ कापताना धमनी कापली आणि ती स्त्री त्याच्या डोळ्यांदेखत रक्तस्रावाने मरण पावली. दुसऱ्याने मूत्राशयातील खडा काढताना खड्यासोबत मूत्राशयाचा तुकडाच ओढून काढला. ग्रंथकार सहसा आपल्या ग्रंथाचा आरंभ आपल्या यशाच्या वर्णनाने करतात. झहरावी यांनी तो इतरांच्या अज्ञानामुळे गेलेल्या जिवांपासून केला. हा ग्रंथ त्यांना का लिहावासा वाटला, याचे उत्तर याच पानांत आहे.

त्यांचा जन्म सुमारे इ.स. ९३६ चा मानला जातो. त्याच वर्षी उमवी खलिफा अब्दुर्रहमान तिसरे यांनी कुर्तुबाच्या वायव्येस, डोंगराच्या उतारावर, मदीनतुझ-झहरा या राजनगरीचे बांधकाम सुरू केले. झहरावी हे नाव त्या नगरीवरूनच पडले. त्यांच्या नावाला अन्सारी ही निस्बतही जोडली जाते, म्हणजे हिजरतीनंतर प्रेषित (स.) व मुहाजिर सहाबा यांना आसरा देणाऱ्या मदीनावासीयांशी त्यांच्या घराण्याचे नाते सांगितले जाते. त्यांचे बालपण, त्यांचे उस्ताद, त्यांचे कुटुंब यांविषयी इतिहासग्रंथांनी फारसे लिहिलेले नाही. त्यांच्यानंतर काही दशकांनी हुमैदी यांनी अंदलुसच्या विद्वानांचा चरित्रकोश रचला. त्यातील नोंद मोजक्या ओळींची आहे. थोर फकीह इब्ने हज्म (रह.) हे झहरावींच्या उतारवयात तरुण होते. त्यांनी अंदलुसच्या गुणवैभवावर लिहिताना झहरावींच्या ग्रंथाचा मोठा गौरव केला आहे. बाकी जे काही आपल्याला कळते ते त्यांच्या ग्रंथातूनच, जखमींच्या अंथरुणाशेजारी उभे असलेले झहरावी पाहूनच.

वाचकहो, तो काळ कुर्तुबाच्या वैभवाचा होता. खलिफा हकम दुसरे (कारकीर्द ९६१ ते ९७६) यांच्या ग्रंथालयात चार लाख ग्रंथ होते असे इतिहासकार सांगतात. इतके ग्रंथ असलेल्या नगरीत हाताने शस्त्र चालवणारे जाणकार मात्र दुर्मीळ होते. शस्त्रक्रियेला झहरावी ‘अमल बिल-यद’ म्हणजे हाताचे काम म्हणत. हे काम आपल्या देशात आणि आपल्या काळात जवळजवळ लोप पावले आहे, जुन्या ग्रंथांत त्याचे काही अवशेष उरले आहेत आणि तेही लेखनिकांच्या चुकांनी विद्रूप झाले आहेत, अशी खंत ते व्यक्त करतात. कारणही तेच सांगतात. ही विद्या दीर्घ आहे, तिच्यासाठी आधी शरीररचना शिकावी लागते. हाडे, स्नायू, नसा, धमन्या आणि शिरा कोठून कोठे जातात हे ज्याला ठाऊक नाही, त्याचा हात माणसाला मारल्याशिवाय राहणार नाही.

म्हणून त्यांनी ‘किताबुत्तसरीफ’ लिहिला. इ.स. १००० च्या सुमारास पूर्ण झालेला हा ३० भागांचा वैद्यककोश. त्यातील शेवटचा, तिसावा भाग हाताच्या कामाचा. तो त्यांनी मुद्दामच शेवटी ठेवला, कारण आधीचे सर्व शिकल्यावाचून याला हात घालू नये अशी त्यांची इच्छा होती. या भागाची तीन प्रकरणे आहेत : पहिले डाग देण्याचे, दुसरे चिरफाड, जखमा व शरीरात रुतलेले बाण यांचे, आणि तिसरे मोडलेल्या व निखळलेल्या हाडांचे. सुमारे २०० अवजारांची चित्रे त्यात आहेत. विद्यार्थ्यांना ते पुत्रवत संबोधतात. तुम्हांलाही हा ग्रंथ वाचताना असे वाटेल की एक वयोवृद्ध उस्ताद हातात सळई घेऊन समोर बसला आहे.

येथे थोडे थांबून एक गोष्ट स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते. आपल्याकडे अशा थोरांची चरित्रे लिहिताना जगातील प्रत्येक शोध त्यांच्याच नावावर चढवण्याची हौस असते. झहरावींना अशा उसन्या मोठेपणाची गरज नाही. त्यांनी ग्रीक वैद्यकाचा, विशेषतः सातव्या शतकातील एजिना बेटावरील वैद्य पॉल यांच्या ग्रंथाचा भरपूर आधार घेतला आहे. गॅलेनचा ते आदराने उल्लेख करतात. पूर्वेकडे बगदादमध्ये तर बरमकी वजिरांच्या काळात आपल्या देशातील सुश्रुताचा ग्रंथही अरबीत आणला गेला होता, हे इब्ने नदीम यांनी नोंदवले आहे. ज्ञान जेथून मिळाले तेथून मुस्लिम विद्वानांनी ते घेतले. मग झहरावींचे स्वतःचे काय? घेतलेले ज्ञान त्यांनी सुमारे अर्धशतक स्वतःच्या हातांनी पारखले. जे पाहिले ते लिहिले, आणि जे पाहिले नाही ते पाहिले नाही असे लिहिले.

जखमी माणूस समोर आणला गेला की पहिला शत्रू रक्तस्राव. मदीनेत खंदकाच्या लढाईत, हिजरी ५ मध्ये, हजरत सअद बिन मुआज (रजि.) यांच्या हाताच्या शिरेत बाण लागला होता. प्रेषित (स.) यांनी त्यांच्यासाठी मशिदीतच तंबू उभारायला लावला, जेणेकरून त्यांची विचारपूस जवळून करता यावी. जखमींची शुश्रूषा करणाऱ्या हजरत रुफैदा (रजि.) यांच्या तंबूचा उल्लेख सीरतग्रंथांत याच प्रसंगी येतो. रक्त थांबावे म्हणून जखमेला डाग देण्यात आला. पुढे ती जखम पुन्हा फुटली आणि हजरत सअद (रजि.) शहीद झाले. डाग देण्याविषयी हदीसमध्ये नापसंतीही आढळते आणि या डागाची नोंदही आढळते. उलमांनी या दोहोंचा मेळ असा घातला आहे की विनाकारण डागणे टाळावे, पण दुसरा उपाय उरला नसेल तर ते जायज आहे.

झहरावी याच ठिकाणी अधिक तपशिलात जातात. धमनी कापली गेली असेल तर ती थांबवण्याचे चार मार्ग ते सांगतात : डाग देणे; धमनी अर्धवट कापली असेल तर ती पूर्ण कापणे, म्हणजे तिची टोके आक्रसून आत ओढली जातात; धाग्याने ती पक्की बांधून टाकणे; किंवा रक्त गोठवणारे औषध लावून वरून घट्ट पट्टी बांधणे. डाग द्यायचा तर त्यासाठी जैतुनाच्या फळाच्या आकाराच्या, लहानमोठ्या लोखंडी डागण्या आधीच निखाऱ्यांत तापत ठेवाव्यात आणि त्या तापेपर्यंत बोट धमनीच्या तोंडावर दाबून धरावे. डागणीसाठी सोने श्रेष्ठ, असे तेव्हा अनेक वैद्य मानत. झहरावींनी लोखंडच पसंत केले. सोने किती तापले हे रंगावरून कळत नाही आणि ते लवकर निवते, हा त्यांचा अनुभव होता.

पण माझे लक्ष वेधून घेतले ते यानंतरच्या एका सूचनेने. वैद्य जवळ नाही, औषध नाही, अशा वेळी कोणाची धमनी कापली गेली तर काय करावे? त्यांनी सांगितले आहे की तर्जनी थेट रक्तवाहिनीच्या तोंडावर ठेवावी, जोराने दाबावी, बोट अजिबात न उचलता वरून थंडगार पाणी ओतत राहावे, रक्त घट्ट होऊन थांबेपर्यंत. मग पुढे काय करायचे याचा विचार करावा. ही सूचना वैद्यासाठी नाही, वाचकहो. ती तुमच्यामाझ्यासाठी आहे. आजचे प्रथमोपचाराचे कोणतेही पुस्तक उघडा, वाहत्या जखमेवर थेट दाब द्या आणि तो काढू नका, हेच पहिले वाक्य तेथे सापडेल. पाण्याचा भाग आता गळून पडला आहे. बोटाचा दाब राहिला आहे. रस्त्यावर अपघात झाला की आपल्यातील कित्येक जण जखमीच्या तोंडात पाणी घालायला धावतात. बेशुद्ध माणसाच्या घशात ते पाणी श्वासनलिकेत उतरू शकते. त्याच वेळी त्याच्या मांडीतून वाहणाऱ्या रक्तावर मात्र कोणाचा हात नसतो.

रक्ताविषयी त्यांची आणखी एक नोंद प्रसिद्ध आहे. एका गावातील पुरुषांना मोठी जखम झाली की रक्त थांबतच नसे आणि ते मरण पावत. एका मुलाच्या हिरड्या चोळल्या गेल्या तर त्यातूनही त्याचे प्राण गेले. असा प्रकार आपण अन्यत्र कोठेही पाहिला नाही, असेही त्यांनी लिहून ठेवले. ज्या आनुवंशिक विकाराला आज हिमोफिलिया म्हणतात, त्याच्या सर्वांत जुन्या वर्णनांत या नोंदीची गणना होते.

एकदा त्यांना एका दासीसाठी बोलावले गेले. तिने स्वतःच्याच गळ्यावर सुरी चालवली होती. तिने असे का केले याची वाच्यता झहरावी करीत नाहीत. गळा कापलेल्या जनावरासारखा आवाज ती करीत होती, एवढेच ते सांगतात. त्यांनी जखम उघडून पाहिली. रक्त थोडेच होते, म्हणजे मोठी धमनी अथवा गळ्याची शीर कापली गेलेली नव्हती. हवा मात्र जखमेतून येत होती, म्हणजे श्वासनलिका चिरली होती. त्यांनी घाईने टाके घातले आणि बरी होईपर्यंत तिच्यावर उपचार केले. आवाजातील घोगरेपणा सोडला तर तिला काही झाले नाही. या एका रुग्णावरून त्यांनी मोठा निष्कर्ष काढला. घसा सुजून ज्याचा श्वास कोंडला आहे अशा माणसाची श्वासनलिका बाहेरून छेदण्यात फारसा धोका नाही, असे त्यांनी लिहिले. ही शस्त्रक्रिया प्राचीन ग्रंथांत होती, पण आपल्या देशात ती कोणी केलेली आपण पाहिली नाही, हेही ते प्रामाणिकपणे सांगतात. आत्महत्या हराम आहे याविषयी आपल्या दीनमध्ये दुमत नाही. तरीही त्या मुलीच्या अंथरुणाशी पोहोचल्यावर झहरावींनी प्रथम पाहिले ते तिचे रक्त आणि तिचा श्वास. आपल्या घरांत किंवा मोहल्ल्यात असा प्रसंग येतो तेव्हा निवाड्याची घाई आपल्याला किती असते, हे तुम्हांला ठाऊकच आहे.

बाणांवरील त्यांचे प्रकरण मला सर्वांत श्रीमंत वाटते. अंदलुसच्या सरहद्दीवर लढाया नित्याच्याच होत्या. बाणाचे फाळ मोठे, लहान, पोकळ, भरीव, तीन धारांचे, चार धारांचे, मागे वळलेल्या काट्यांचे, असे नाना प्रकारचे असत. काटे असलेला फाळ सरळ ओढला तर मांस फाडत येतो. म्हणून कोठला बाण ओढून काढावा आणि कोठला पुढे ढकलून दुसऱ्या बाजूने बाहेर काढावा, हे आधी ठरवावे लागते. त्यानंतर ते लक्षणे देतात. जखमेतून फेसाळ रक्त येत असेल तर बाण फुप्फुसात आहे. डाव्या स्तनाजवळ घुसलेला बाण नाडीसोबत हलत असेल, हातपाय थंड पडले असतील आणि गार घाम सुटला असेल तर तो हृदयात आहे. अन्न बाहेर येत असेल तर जठर, मूत्र येत असेल तर मूत्राशय. कोणत्या जखमेत आशा आहे आणि कोणत्या जखमेत हात घातल्याने मृत्यूच जवळ येईल, हे त्यांनी अवयवागणिक सांगितले आहे.

तरीही ते ठाम नियम करून मोकळे होत नाहीत. हात घालू नये असे सांगितल्यानंतर लगेच ते स्वतः पाहिलेल्या अशा जखमी लोकांच्या हकिकती देतात, जे मरायला हवे होते आणि जगले. एका यहुदी माणसाच्या डोळ्याच्या खोबणीत, खालच्या पापणीखाली बाण घुसला होता आणि त्याचे टोक जेमतेम हाती लागत होते. झहरावींनी तो काढला, डोळा शाबूत राहिला. एका ख्रिस्ती माणसाच्या गळ्यात काटेरी बाण रुतला होता. मोठ्या शिरांना धक्का न लावता त्यांनी तो बाहेर काढला. एका स्त्रीच्या पोटात बाण तसाच राहिला, वरून जखम भरली आणि तिला त्रास झाला नाही. एका माणसाच्या पाठीत शिरलेला बाण सात वर्षांनी नितंबाच्या बाजूने बाहेर आला. या साऱ्यांची नावे त्यांनी लिहिली नाहीत. कोण यहुदी, कोण ख्रिस्ती, कोण सुलतानाचा सरदार, एवढेच कळते, आणि प्रत्येकासाठी सळई, चिमटा व काळजी तीच होती हेही कळते.

पोटाच्या जखमांत आतडे बाहेर आले तर ते थंड पडून फुगण्याआधी आत घालावे, फुगले असेल तर कोमट पाण्याने शेकून मऊ करावे आणि तरीही जात नसेल तर जखम बेताने वाढवावी, अशी त्यांची पद्धत होती. आतडेच फाटले असेल तर टाके कशाचे घालावेत? जनावराच्या आतड्यापासून काढलेल्या बारीक तंतूचा उल्लेख ते करतात. असा तंतू शरीरातच विरघळतो. शल्यचिकित्सक अगदी अलीकडेपर्यंत तोच वापरत आले. मोठ्या डोक्याच्या मुंग्यांना जखमेच्या कडांवर चावायला लावून त्यांची धडे तोडायची, म्हणजे डोकी टाक्यांसारखी रुतून राहतात, ही रीतही त्यांनी नोंदवली आहे. वाचताना अंगावर काटा येतो, पण कल्पना चोख आहे.

हाडांच्या प्रकरणात ते मणक्याला मार लागलेल्या माणसाची तपासणी सांगतात. मान दुखावली असेल तर त्याच्या हातांकडे पाहावे : ते हलतात काय, चिमटा काढला तर कळतो काय? कळत असेल तर मज्जारज्जू सुरक्षित आहे. हात लुळे आणि बधिर असतील तर आशा थोडी. कवटी फुटली असेल तर हाडाचा तुकडा काढण्यासाठी त्यांनी असा गिरमिट वापरायला सांगितला आहे की ज्याच्या टोकामागे कडे असते. हाड संपताच ते कडे अडते आणि टोक मेंदूच्या आवरणात घुसत नाही. फळ्या बांधण्याविषयी तर ते पुनःपुन्हा बजावतात. सूज असताना आवळू नका, बांधून निघून जाऊ नका, येऊन पाहा, खाज, सूज वा वेदना वाढली तर सोडा. ज्या माणसाच्या हकिकतीपासून आपण आरंभ केला, तो त्यांच्या मनातून गेलेला नसावा. आपल्याकडेही हाडवैद्याने बांबूच्या कामट्या करकचून बांधल्याने काळे पडलेले हात आणि पाय आजही रुग्णालयांत येतात, त्यांत लहान मुले असतात, आणि अनेकदा ते कापावेच लागतात.

शरीअतने या बाबतीत कडक भूमिका घेतली आहे. ज्याचे वैद्यकातील ज्ञान प्रसिद्ध नाही त्याने उपचार केला आणि हानी झाली तर तो जबाबदार ठरेल, असा हदीसचा आशय आहे आणि फुकहांनी त्यावर नुकसानभरपाईचे सविस्तर नियम बांधले. झहरावी फकीह नव्हते, पण त्यांचा उपदेश त्याच वळणाचा आहे. हाताच्या कामाचे ते दोन भाग करतात. एकात रुग्ण सुरक्षित राहतो, दुसऱ्यात बहुधा धोका असतो. दुसऱ्या प्रकारात पैशाच्या मोहाने किंवा नावलौकिकासाठी शिरू नका, असे ते शिष्यांना बजावतात. रुग्णाचे नातलग कितीही गळ घालोत, सोन्याच्या थैल्या पुढे ठेवोत.

त्यांच्या आयुष्याची अखेर फितन्याच्या काळात गेली. १००९ मध्ये कुर्तुबात यादवी उसळली. १०१० मध्ये मदीनतुझ-झहरा लुटली गेली. ती उभी राहू लागली त्याच सुमारास जन्मलेला माणूस तिचा विध्वंस पाहायला जिवंत होता. १०१३ मध्ये दीर्घ वेढ्यानंतर कुर्तुबाही पडली. त्यांचा मृत्यू हिजरी ४०० नंतर झाला आणि बहुतेक लेखक तो याच १०१३ सालचा मानतात. त्या दंग्यांत किती जखमी त्यांच्यापुढे आणले गेले असतील याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

ग्रंथ मात्र वाचला. बाराव्या शतकात तुलैतला येथे, म्हणजे टोलेडो येथे, क्रेमोनाच्या गेरार्ड यांनी त्याचा शस्त्रक्रियेचा भाग लॅटिनमध्ये आणला. चौदाव्या शतकातील फ्रेंच शल्यविशारद गी द शोलियाक यांनी आपल्या ग्रंथात त्यांचा आधार २०० हून अधिक वेळा घेतला. १४६५ मध्ये अनातोलियातील शरफुद्दीन साबुंजुओग्लू यांनी त्यावर आधारित तुर्की ग्रंथ रचला आणि त्यात शस्त्रक्रियांची रंगीत चित्रे काढली. १४९७ मध्ये व्हेनिसमध्ये लॅटिन भाषांतर छापले गेले, १७७८ मध्ये ऑक्सफर्डमध्ये मूळ अरबी पाठ. मदीनतुझ-झहराचे अवशेष १९११ पासून उकरले जात आहेत. त्या नगरीचा बराच भाग अजूनही मातीखाली आहे. आपल्या देशात पटण्याच्या खुदाबख्श ग्रंथालयात ‘तसरीफ’चे एक जुने हस्तलिखित जपून ठेवलेले आहे. त्याच्या पानांवर चिमटे, सळया, करवती आणि डागण्या रेखलेल्या आहेत. त्यांचा आकार काय असावा आणि त्या कशासाठी वापराव्यात, हे शेजारीच लिहिलेले आहे.